एका संध्याकाळचा पोशाख

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांना एका नव्या खर्चाची चाहूल लागते. डिसेंबर-जानेवारीत शाळेचे स्नेहसंमेलन असते. स्नेहसंमेलनात समूहनृत्य असते. त्या नृत्याला हल्ली एक ‘थीम’ ठरवून दिलेली असते आणि त्या थीमला साजेसा पोशाख पालकांनी आणून द्यावयाचा असतो. एका वर्षी कोळीवाडा, दुसऱ्या वर्षी राजस्थान, तिसऱ्या वर्षी जुन्या हिंदी चित्रपटांचा जमाना, असा हा क्रम चालतो. विषय ठरतो शिक्षकांच्या खोलीत. त्याची किंमत चुकती होते घराघरांत. या दोन ठिकाणांमधील अंतर किती आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. महागाई आणि बेकारी यांसारखे मोठे प्रश्न समोर असताना मुलांच्या नाचाच्या कपड्यांविषयी काय लिहावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु पैसा, प्रतिष्ठा आणि लाज यांचे परस्परांशी असलेले नाते मुलांना पाठ्यपुस्तकातून कळत नाही. ते अशाच प्रसंगांतून कळते आणि एकदा कळले की जन्मभर मनातून जात नाही. शाळा जे शिकवीत असल्याचे सांगते त्याहून निराळे काही ती या दिवसांत नकळत शिकवून जाते. म्हणूनच या खर्चाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे आवश्यक आहे.

एखाद्या तालुक्याच्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडील कचेरीत कारकून आहेत, आई घर सांभाळून शेजारणींचे ब्लाउज शिवते, मुलगी नववीत आहे. महिन्याची वीस तारीख उलटली आहे. मुलगी जेवणे आटोपेपर्यंत गप्प राहते आणि मग सांगते, “बाबा, कोळीनृत्याच्या कपड्यांचे पैसे परवापर्यंत द्यायचे आहेत.” आई लगेच उठते आणि ट्रंकेच्या तळातून सासूबाईंचे हिरवे लुगडे काढून आणते. त्याचा पोत अजून मऊ आहे, काठ शाबूत आहेत. मुलगी ते हातात घेते, क्षणभर पाहते आणि खाली ठेवते. “बाईंनी सगळ्यांचं अगदी एकसारखं हवं म्हणून सांगितलंय, आई. शिवलेलंच हवं. दुकानही ठरलंय.” वडील रक्कम विचारतात. ती आठशे रुपये सांगते. गजऱ्याचे, रंगभूषेचे आणि छायाचित्राचे दोनशे रुपये तिने मनातल्या मनात आधीच वगळलेले असतात. वडील “बघू” म्हणतात. त्या एका शब्दाचा अर्थ चौदा वर्षांच्या मुलीला पुरता कळतो. दुसऱ्या दिवशी ती शाळेत बाईंना सांगते की पाय मुरगळला आहे, यंदा नाचात नाव नको.

या घरात कोणीही वाईट वागलेले नाही. बाईंनी मुलीला वगळलेले नाही, वडिलांनी नकार दिलेला नाही, मुलीने हट्ट धरलेला नाही. तरीही एक मूल रंगमंचावर चढण्यापूर्वीच खाली उतरले आहे आणि ते का उतरले याची नोंद कोठेही होणार नाही. शाळेच्या दृष्टीने तिचा पाय मुरगळलेला आहे. घराच्या दृष्टीने तिला यंदा नाचाची हौस नाही. खरे कारण फक्त तिलाच ठाऊक आहे आणि ते कोणाला न सांगण्यातच शहाणपण आहे, एवढे ती या प्रसंगातून शिकली आहे.

याचा अर्थ स्नेहसंमेलने बंद करावीत असा मुळीच नाही. वर्षभर बाकावर बसून धडे गिरविणाऱ्या मुलांना लोकांसमोर उभे राहण्याची, एका तालात पाऊल टाकण्याची, चूक झाली तरी पुढे जात राहण्याची सवय लावणारा दुसरा प्रसंग शाळेत क्वचितच येतो. तेरा-चौदा वर्षांची मुले स्वतःच्या वाढत्या शरीराविषयी संकोचलेली असतात. आवाज फुटलेला मुलगा वर्गात तोंड उघडावयास लाजतो. उंच झालेली मुलगी पाठ वाकवून चालते. समूहनृत्यात ही मुले एकमेकांच्या आधाराने मोकळी होतात. गणितात मागे पडलेला मुलगा लेझीम हाती घेताच पुढे येतो, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकाने पाहिलेले आहे.

पालकांच्या दृष्टीनेही ही तयारी मोलाची असते. या वयात घरातील संवाद आटलेला असतो. मुले विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देतात. अशा वेळी आई आरशापुढे मुलीला नऊवारी नेसवू लागते, तेव्हा कित्येक महिन्यांत न झालेले बोलणे सुरू होते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याला सुई न लावता ते अंगावर असे बसवावयाचे की नाचतानाही सुटता कामा नये. निऱ्या कोठे खोचावयाच्या, कासोटा किती ताणावयाचा, पदर कोणत्या बाजूने कमरेशी आवळावयाचा, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे हातोहात येते. वडील स्वतःच्या गुडघ्यावर फेटा बांधून दाखवितात, तेव्हा मुलालाही आपल्या बापाला काही निराळे येते हे प्रथमच कळते. शिवलेली नऊवारी आणि तयार फेटा दोन मिनिटांत अंगावर चढतात. वाचलेल्या त्या वेळाबरोबर ही सारी देवघेवही वाचते, म्हणजेच नाहीशी होते. जेथे पूर्वी पालकांचे हात लागत, तेथे आता त्यांचे केवळ पैसे लागतात. हा बदल नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण हात प्रत्येक पालकापाशी असतात. पैशाचे तसे नाही.

आठशे रुपये ही काही फार मोठी रक्कम नव्हे आणि नाचाचा पोशाख ही जीवनावश्यक वस्तूही नव्हे, असे यावर म्हटले जाते. अर्थशास्त्राला हे उत्तर मान्य होण्यासारखे नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात गरजेचा विचार करताना लिननच्या सदऱ्याचे उदाहरण घेतले आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक लिननवाचून सुखाने जगले; परंतु आपल्या काळातील साध्या मजुरालाही तो सदरा नसेल तर चारचौघांत येण्याची लाज वाटेल, म्हणून तो गरजेच्याच वस्तूंत धरला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. ज्या वस्तूवाचून माणसाला लोकांत मान वर करून उभे राहता येत नाही ती वस्तू गरजेची, ही स्मिथची कसोटी लावली तर शाळेने सक्तीचा केलेला पोशाख त्या दिवसापुरता अन्नवस्त्राइतकाच आवश्यक ठरतो. तो चैनीचा आहे असे म्हणून शाळेला हात झटकता येणार नाहीत, कारण त्याला आवश्यक केले आहे ते शाळेनेच.

या खर्चाचे दुसरे लक्षण असे की तो दरवर्षी वाढतो; पण त्याने होणारा आनंद त्या प्रमाणात वाढत नाही. स्नेहसंमेलनाच्या मैदानावर हल्ली नेहमी दिसणारे दृश्य आठवावे. पहिल्या रांगेतील पालक आपल्या मुलाचे चित्रण करण्यासाठी मोबाइल घेऊन उभे राहतात. त्यामुळे दुसऱ्या रांगेला उभे राहावे लागते, मग तिसऱ्या. शेवटी सारे मैदान उभे असते, सर्वांचे पाय दुखत असतात आणि बसल्या जागी जेवढे दिसत होते त्याहून अधिक कोणालाच दिसत नाही. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथात नेमक्या अशाच वस्तूंचा विचार केला आहे. ज्यांचे मोल इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत यावर ठरते, त्यांच्यासाठी सर्वांनीच अधिक खर्च केला तर कोणाचेच स्थान वर जात नाही. खर्च तेवढा वाढतो. ‘अ’ तुकडीने भाड्याचे कपडे आणले म्हणून ‘ब’ तुकडी नवे शिवते. ‘ब’ने शिवले म्हणून पुढील वर्षी ‘अ’ बाहेरचा नृत्यदिग्दर्शक आणते. बक्षीस पूर्वीइतकेच, एकच असते.

तिसरी गोष्ट न्यायाची आहे. सर्वांना सारखीच रक्कम द्यावी लागणे हे वरवर समतेचे वाटते. प्रत्यक्षात महिना ऐंशी हजार मिळविणाऱ्या घराला आठशे रुपये म्हणजे मिळकतीचा एक टक्का होतो. पंधरा हजारांत भागविणाऱ्या घराला तोच आकडा पाच टक्क्यांहून अधिक पडतो. ज्याची ऐपत कमी त्याच्यावर भार अधिक, अशा कराला अर्थशास्त्रात प्रतिगामी म्हणतात. पोशाखाचा खर्च हा असाच एक कर आहे आणि त्याला कोणाची संमती घेतलेली नसते. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या शुल्कासाठी २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यानुसार शाळेत शिक्षक-पालक संघ स्थापन करावा लागतो आणि शुल्काचा प्रस्ताव त्या संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. नाचाच्या पोशाखाचे पैसे पालक परस्पर दुकानदाराला देतात. ते शाळेच्या पावतीपुस्तकात येत नाहीत, म्हणून समितीपुढेही येत नाहीत. शुल्कात शंभर रुपयांची वाढ झाली तर सभा गाजते. त्याच्या आठपट रक्कम एका निरोपावर गोळा होते आणि कोणी ब्रही काढीत नाही.

या रकमेचे खरे प्रमाण आणखी एका तुलनेने स्पष्ट होईल. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना वर्षाला दोन गणवेश देण्यासाठी प्रत्येकी ६०० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली. म्हणजे शासनाच्या हिशेबाने मुलाला वर्षभर शाळेत येण्यास जेवढे कापड लागते, त्याहून अधिक खर्च वरच्या घरातील मुलीला एका संध्याकाळच्या सहा-सात मिनिटांसाठी करावा लागणार होता. यातील विपर्यास असा की गणवेश हा घरची श्रीमंती-गरिबी झाकण्यासाठी असतो. नाचाच्या पोशाखातील एकसारखेपणा मात्र ती नेमकी उघडी पाडतो. गणवेशात सर्व मुले सारखी दिसतात. येथे जी सारखी दिसू शकत नाहीत ती दिसेनाशीच होतात.

या वाटेने पुढे गेल्यास काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ‘प्रॉम’चे उदाहरण बोलके आहे, आपल्याकडील मोठ्या शहरांतील काही शाळा निरोपसमारंभाला तेच नाव देऊ लागल्या असल्याने ते अप्रस्तुतही नाही. तेथील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरील मुलांचे हे नृत्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयांत सुरू झालेली ही पद्धत विसाव्या शतकात शाळांत रुजली. त्यालाही थीम असते, तीनुसार सभागृह सजते. मुलीसाठी लांब गाऊन, मुलासाठी भाड्याचा टक्सिडो, फुले, तिकीट, कोठे कोठे भाड्याची आलिशान मोटारही, असा त्याचा पसारा वाढत गेला. न परवडणाऱ्या मुलींना वापरलेले गाऊन मोफत मिळावेत म्हणून तेथे स्वयंसेवी संस्थांना पुढे यावे लागले. त्याहून गंभीर उदाहरण मिसिसिपी राज्यातील चार्ल्स्टन गावाचे आहे. तेथील शाळेत गोरी आणि काळी मुले अनेक वर्षे एकाच वर्गात शिकत होती. प्रॉम मात्र पालक खाजगीरीत्या आणि वर्णानुसार वेगळे भरवीत. २००८ साली चित्रपट अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी खर्च उचलण्याची तयारी दाखविली आणि शाळेचे पहिले एकत्र प्रॉम त्या वर्षी झाले. यातून निघणारा बोध केवळ अमेरिकेपुरता नाही. शाळेच्या समारंभाचा भार शाळेने पालकांच्या खिशावर सोपविला की समाजातील साऱ्या भिंती त्या समारंभात येऊन उभ्या राहतात, मग त्या वर्णाच्या असोत वा मिळकतीच्या.

यावर घेतले जाणारे आक्षेप ठाऊक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. पोशाख भाड्याने देणारे, शिवणारे, रंगभूषा करणारे यांची पोटे या हंगामावर भरतात, हे खरे आहे. परंतु त्यांच्या उपजीविकेचा भार नेमका सर्वांत कमी ऐपतीच्या पालकाने का वाहावा, याचे उत्तर मिळत नाही. शाळेने स्वतः पोशाख शिवून घेतले तर गावातील शिंप्यांना काम मिळेलच. वर्षातून एकदाच होणाऱ्या हौसेचा हिशेब करू नये, असेही म्हणतात. हिशेब हौसेचा नाहीच. हौस सक्तीची झाली त्याचा आहे. काही मुख्याध्यापक सांगतात की ज्यांना परवडत नाही त्यांना शाळा मदत करते, त्यांनी फक्त तसे सांगावे. ‘सांगावे’ या शब्दातच सारी अडचण आहे. पाय मुरगळल्याचे खोटे सांगणे मुलीला सोपे वाटले ते या ‘सांगण्या’पेक्षाच. मागितल्यावर मिळणारी मदत ज्यांना लाज नाही त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचते आणि ज्यांना लाज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

शिक्षकांचा दोष काढून हा प्रश्न सुटणार नाही. परीक्षा, उत्तरपत्रिका, नाना प्रकारची माहिती भरून पाठविणे, यांतून वेळ काढून ते मुलांना नाच शिकवितात. प्रमुख पाहुणे, संस्थेचे चालक आणि शेजारची शाळा यांच्या तुलनेचा दाब त्यांच्यावरही असतो. दुकान ठरवून टाकले की त्यांचा एक व्याप कमी होतो, एवढाच बहुधा त्यांचा हेतू असतो. म्हणून उपाय त्यांच्या कामात भर घालणारा नसावा.

असे उपाय आहेत. पहिला म्हणजे नृत्याचा विषय आणि त्याला येणारा खर्च जून-जुलैतच शिक्षक-पालक संघापुढे ठेवावा आणि प्रत्येक मुलामागे खर्चाची कमाल मर्यादा तेथेच ठरवून घ्यावी. डिसेंबरात दोन दिवसांच्या मुदतीने मागितलेले आठशे आणि सहा महिने आधी माहीत असलेले दोनशे यांत घरखर्चाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरा उपाय म्हणजे घरातील ट्रंकेला साजेल असाच विषय निवडावा. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने लोकनृत्ये शहरी रंगमंचावर मानाने आणली, परंतु या लोककला मुळात घरच्या आणि शेतावरच्या कपड्यांतच जन्मल्या होत्या, याचा विसर पडला आहे. झिम्मा, फुगडी, भोंडला यांना आईचे किंवा आजीचे लुगडे पुरते, आणि प्रत्येकीचे निराळे असले तर रंगमंच अधिकच खुलतो. दिंडीला पांढरा सदरा आणि टाळ पुरतात. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राच्या लेझीमपथकाने जी दाद मिळविली, तिचे श्रेय कापडाला नव्हते. ते शेकडो पावले एका तालात पडण्याला होते. हा ताल सरावाने येतो आणि सरावाला पैसे पडत नाहीत.

तिसरा उपाय शाळेच्या स्वतःच्या पोशाखपेटीचा. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एका समूहनृत्यासाठी चाळीस पोशाख प्रत्येकी आठशे रुपयांनी शिवून घेतले तर ३२,००० रुपये लागतील. नीट राखल्यास ते आठ वर्षे सहज टिकतील, म्हणजे वर्षाला ४,००० रुपये पडले. धुलाई आणि डागडुजीसाठी वर्षाला आणखी २,००० धरले तरी प्रत्येक मुलामागे खर्च येतो १५० रुपये. ग्रंथालयातील पुस्तके, प्रयोगशाळेतील उपकरणे, मैदानावरील चेंडू शाळा स्वतः घेते आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरते. नृत्याचा पोशाख तेवढा प्रत्येक मुलाने नव्याने घ्यावा याला कारण नाही. माजी विद्यार्थी शाळेला भिंतीवरील घड्याळ देतात, ध्वनिक्षेपक देतात. त्यांना एखादी पोशाखपेटी मागावयास कोणतीच हरकत नसावी. पेटी एका वर्षी एका शाळेने आणि पुढच्या वर्षी शेजारच्या शाळेने वापरली तर विषयांत वैविध्यही राहील.

या उपायांनी पालकांचे काम कमी होणार नाही, आणि होऊही नये. नेसविण्याचे, निऱ्या घालण्याचे, सुटलेला टाका घालून देण्याचे, घाबरलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच राहील. ते काम करताना खिशाचा विचार मनात नसेल, एवढाच फरक पडेल.

वर्णन केलेल्या घरातील आईने ते हिरवे लुगडे पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवले असेल. मुलीने संमेलन प्रेक्षकांत बसून पाहिले असेल आणि घरी येऊन नाच छान झाल्याचे सांगितले असेल. वडिलांनी तिच्या पायाची चौकशी केली असेल. पाय बरा आहे, असे ती म्हणाली असेल. अशा घरांतील हे समंजस मौन शाळेला कधीही ऐकू येत नाही. म्हणून पुढील जूनमध्ये शिक्षकांच्या खोलीत नृत्याचा विषय निघेल तेव्हा रंगसंगती आणि संगीत यांच्या आधी एक प्रश्न विचारला जावा: या पोशाखासाठी किती घरांत “बघू” म्हणावे लागेल?